नेमणुकीपासून निवडणुकीकडे : लोकसभेची घडण

१९२१ च्या मार्च महिन्यात दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात नारायण मल्हार जोशी नावाचे एक मराठी गृहस्थ उभे राहिले. कामगार संघांची नोंदणी करणारा व त्यांना संरक्षण देणारा कायदा सरकारने करावा, असा ठराव त्यांनी मांडला. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीतील तंटा तेव्हा ताजा होता. तेथील संघाचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर हायकोर्टाचा मनाई हुकूम बजावला गेला होता. कामगारांनी एकत्र येणे हाच जणू अपराध, असा तो काळ. जोशी यांचा ठराव मंजूर झाला आणि पाच वर्षांनी, १९२६ साली, कामगार संघांचा कायदा झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लहानमोठ्या युनियनच्या कचेरीत नोंदणीचा दाखला चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला दिसत आला, त्याचे मूळ या ठरावात आहे.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू आम्हांस अधिक विचार करावयास लावते. ना. म. जोशी यांना त्या सभागृहात कोणी निवडून पाठविले होते? कोणीही नाही. मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्यासाठी त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, त्या कामगारांपैकी बहुतेक कोणालाच मत नव्हते. जोशी हे सरकारने नेमलेले सभासद होते, आणि १९४७ पर्यंत ते तसेच नेमणुकीने बसत राहिले. माणूस सच्चा, काम चोख; पण कामगारांचा प्रतिनिधी कोण हे व्हाइसरॉयने ठरवावे, ही स्थिती. नेमलेल्या माणसापासून निवडलेल्या सभेपर्यंतची वाट कशी चालली गेली आणि ती सभा आज कशी बांधलेली आहे, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे. आम्ही पंडित नव्हे. जे वाचले ते कामातून वेळ काढून वाचले. तेव्हा सभेची भाषा आम्हांस येते तीच येथे वापरतो.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे निर्माण झाली. त्यांपैकी खालच्या सभागृहात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्लीत, सुमारे १४५ सभासद असत. शंभराहून थोडे अधिक निवडलेले आणि बाकीचे सरकारने नेमलेले. निवडलेले म्हणावयाचे, पण कोणी निवडलेले? ब्रिटिश हिंदुस्थानची वस्ती सुमारे २४ कोटी आणि या सभागृहाचे मतदार दहा लाखांच्या आतबाहेर. मत माणसाला नव्हते. ते जमिनीच्या साऱ्याला, प्राप्तिकराच्या पावतीला आणि घरपट्टीला होते. शिवाय धर्माधर्मांचे मतदारसंघ वेगळे, जमीनदारांचे आणि व्यापाऱ्यांचे वेगळे. ज्याच्याजवळ काही आहे त्याला मत. ज्याच्याजवळ दोन हात तेवढे आहेत त्याच्यासाठी नेमणूक!

या सभागृहाचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हेही नेमलेलेच होते. १९२५ साली सभासदांनी विठ्ठलभाई पटेल यांना निवडले आणि अध्यक्षाची खुर्ची प्रथमच निवडणुकीने भरली. ती खुर्ची सरकारची नोकर नव्हे, हे विठ्ठलभाईंनी दाखवून दिले. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ज्या सभागृहात बाँब टाकला ते हेच. त्या दिवसाच्या कामकाजात संपांवर बंधने घालणारे ट्रेड डिस्प्यूट्स बिल होते, आणि पब्लिक सेफ्टी बिलावर विठ्ठलभाईंचा निर्णय अपेक्षित होता. बाँबची गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या दिवशी त्या टेबलावर कामगारांच्या संपाचा कायदा पडलेला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

सर्वांना मत द्यावे ही मागणी तोवर मूळ धरू लागली होती. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकार खाली आणा, तो अस्पृश्यांपर्यंत पोहोचवा, असा आग्रह धरला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची सरळ मागणी केली. त्याच वर्षीच्या मोतीलाल नेहरू यांच्या अहवालाने ती उचलली, आणि १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने तिच्यावर शिक्का मारला. सरकारचे उत्तर ठरलेले होते : लोक अडाणी आहेत, मतदार फार होतील, व्यवस्था जमणार नाही. १९३२ साली लोथियन कमिटीने याच चालीवर प्रौढ मताधिकार तूर्त अशक्य ठरविला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांचे मतदार तीन कोटींच्या वर गेले आणि काही जागा मजुरांसाठी राखल्या गेल्या. दार उघडले, पण फटीएवढेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मत हे शिक्षण झाल्यावर द्यावयाचे बक्षीस, असे सरकार समजत होते. मत हेच शिक्षणाचे आणि सुधारणेचे साधन, असे मागणारे समजत होते. आम्ही युनियनच्या सभांत वर्षानुवर्षे पाहिले आहे की, ज्याला हात वर करावयाचा आहे तोच ठराव नीट ऐकतो. नुसत्या प्रेक्षकाचे लक्ष चहाकडे असते.

९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती प्रथम बसली. तिचे सभासद प्रांतिक कायदेमंडळांनी निवडलेले, म्हणजे स्वतः ती समिती तुटपुंज्या मताधिकारातून जन्मलेली. पण तिने घटनेच्या ३२६ व्या कलमात एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले, आणि ३२५ व्या कलमात धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणाचेही नाव यादीतून वगळता येणार नाही असे लिहून ठेवले. जमीन, पावती, शाळेचा दाखला यांपैकी काहीही मागितले नाही. इंग्लंडात याच गोष्टीसाठी १८३२ पासून १९२८ पर्यंत पायरी पायरीने झगडावे लागले. आपल्याकडे ती घटनेच्या एका कलमाने झाली. मात्र त्या कलमामागे तीस वर्षांची मागणी उभी होती, हे विसरू नये. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून वयाची अट अठरावर आली.

कलम लिहिणे सोपे, यादी करणे अवघड. मतदारयादी ही कारखान्याच्या मस्टरसारखी असते. अंगात कितीही कस असो, मस्टरवर नाव नसेल तर फाटकातून परत फिरावे लागते. म्हणून घटना मंजूर होण्यापूर्वीच याद्यांच्या कामाला हात घातला गेला. फाळणीने उखडलेली माणसे छावण्यांत होती. त्यांनाही यादीत घ्यावयाचे होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहिली. अनेक प्रांतांतील बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. सेन यांनी धोरण धरले की, ज्याचे मत त्याचेच नाव यादीत हवे. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे पहिल्या यादीत येऊ शकली नाहीत. धोरण कठोर होते, पण त्यामागचे तत्त्व खरे होते : मत कुटुंबाचे नाही, नवऱ्याचे नाही, माणसाचे आहे. पुढच्या निवडणुकांसाठी त्या बायकांनी आपापली नावे सांगितली.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२, असे चार महिने पहिली निवडणूक चालली. हिमाचलातील चिनी तहसिलीत बर्फ पडण्यापूर्वी मतदान उरकले. बाकीचा देश नंतर. मतदार १७ कोटींहून अधिक, जागा ४८९. शंभरातील ऐंशीहून अधिक लोक निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याची निशाणी चिकटविली. मतदाराने पडद्याआड जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकावयाचा, शिक्का मारावयाचा नाही. या पोलादी पेट्या लाखांनी लागल्या, आणि त्यांतल्या कित्येक लाख मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. म्हणजे देशाची पहिली मते ज्या पेट्यांत पडली, त्यांतील अनेक पेट्यांचा पत्रा वाकविणारे आणि कुलूप बसविणारे हात मुंबईच्या कामगारांचे होते. मतदान सुमारे ४५ टक्के झाले. लोथियन कमिटीला जे अशक्य वाटले होते ते वीस वर्षांत घडले.

आता जागा कशा ठरतात ते पाहू. देशाचे मतदारसंघ पाडावयाचे आणि प्रत्येकात ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून यावयाचा, मग त्याला निम्मी मते मिळोत वा न मिळोत. १९५२ साली काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते पडली आणि ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मते पडली आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. पक्ष बदलले, गणित तेच राहिले. या पद्धतीत विखुरलेली मते वाया जातात आणि एकवटलेली मते फळतात. एकाच कारखान्यात चार युनियन काढून बसणाऱ्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आरंभी काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५२ साली उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात डॉ. आंबेडकर उभे होते. नारायण काजरोळकर यांनी त्यांना सुमारे चौदा हजार मतांनी हरविले. प्रौढ मताधिकारासाठी ज्यांनी अवघ्या देशाआधी आवाज उठविला, घटनेचा मसुदा ज्यांनी सभेत लढविला, तेच त्या मताने घरी बसविले गेले. मनाला चटका लावणारी ही गोष्ट. पण मतपेटी कोणाच्याही उपकाराची ओझेकरी नसते, हेही तिच्यातून शिकावयाचे. १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ गेले. राखीव जागा स्वतंत्र मतदारसंघांत राहिल्या; २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्या अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ अशा झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ जागा आल्या.

नेमणुकीचा एक धागा मात्र लोकसभेतही राहिला होता. अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सभासद राष्ट्रपती नेमू शकत. १०४ व्या घटनादुरुस्तीने २०२० च्या जानेवारीत ती तरतूद संपली. १९२१ साली सुरू झालेली वाट तेथे पुरी झाली. आता त्या सभागृहात बसावयाचे तर निवडून येण्यावाचून दुसरे दार नाही.

हे झाले निवडीचे. निवडलेली सभा चालते कशी? १३ मे १९५२ रोजी पहिली सभा भरली आणि दोन वर्षांनी तिला ‘लोकसभा’ हे नाव मिळाले. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. राहणे अहमदाबादचे, पण घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. त्यांची निवड बिनविरोध झाली नाही. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ३९४ विरुद्ध ५५ मतांनी हरले. हरणार हे ठाऊक असून मोरे उभे राहिले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. १९५४ साली याच मावळंकरांना दूर करावे असा ठराव विरोधकांनी आणला. तो फेटाळला गेला, पण त्यावर रीतसर चर्चा झाली. अध्यक्षाला दूर करण्याचा ठराव चर्चेला असेल तेव्हा त्याने खुर्चीवर बसावयाचे नाही, हा घटनेचा नियमच आहे.

सभेचे नियम कामगारांना परके नाहीत. एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, म्हणजे आजच्या हिशेबाने ५५, हजर नसतील तर सभा चालू शकत नाही. ठरावाला प्रथम ‘होय’ आणि ‘नाही’ असा आवाज घेतात. तो निकाल मान्य नसेल तर सभासदाने मतविभागणी मागावयाची, म्हणजे कोणाचे मत कोठे गेले ते नोंदले जाते. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, राज्यसभेला नव्हे. म्हणून अविश्वासाचा ठराव येथेच येतो, आणि त्याला दाखल होण्यासाठी ५० सभासदांचा पाठिंबा लागतो. असा पहिला ठराव १९६३ साली आचार्य कृपलानींनी आणला व तो पडला. १७ एप्रिल १९९९ रोजी मात्र वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने गेले. ‘माझ्या एका मताने काय होते?’ असे विचारणाऱ्यास आम्ही ही तारीख सांगतो.

पैशाची किल्लीही याच सभेकडे आहे. अर्थविधेयक येथेच मांडले जाते. राज्यसभा ते फार तर चौदा दिवस ठेवू शकते. खात्याखात्याच्या मागण्यांवर चर्चा व्हावयाची असते, पण वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. याला सभागृहात ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि नाव अगदी बोलके आहे! खर्च झाल्यावर हिशेब तपासणारी लोकलेखा समिती असते. तिच्यात मंत्री बसू शकत नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली. १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या आल्या. खरे बारकाईचे काम या समित्यांत होते, ओरड मात्र सभागृहातली तेवढी कानी येते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे इतिहासकार फारसे पाहत नाहीत : सभासदाचा पगार. इंग्लंडातील चार्टिस्ट कामगारांनी १८३८ साली जी सहा मागणी-कलमे लिहिली, त्यांत पार्लमेंटच्या सभासदाला वेतन हे एक होते. ते मिळावयास १९११ साल उजाडले. कारण उघड आहे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो फुकट कायदे करावयास जाऊ शकत नाही. बिनपगारी सभागृह हे श्रीमंतांचे सभागृह. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये वेतन ठरले. आज खासदारांच्या वेतनावर टीका होते. ती रकमेवर जरूर व्हावी, तत्त्वावर होऊ नये.

अशा या सभेत कामगारांची माणसे पुढे निवडून गेली. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून गेले. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना हरविले. १९८४ साली काँग्रेसला देशभर चारशेहून अधिक जागा मिळत असताना डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून दक्षिण-मध्य मुंबईतून निवडून आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात होरपळलेल्या गिरणगावाने दिलेले ते उत्तर होते. पण त्या निकालाने गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. ज्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्ध तो संप होता तो राज्याचा कायदा होता, आणि एकटा खासदार लोकसभेत बोलू शकतो, पण मोजणीत एकच धरला जातो. आम्हांस यातून हा धडा मिळाला की, माणूस पाठविणे हे अर्धे काम आहे. त्याच्या शेजारी बसणारे किती आणि त्याच्या मागे उभे राहणारे किती, हे उरलेले अर्धे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याचे सभासदत्वच जाऊ शकते. तेव्हा उमेदवाराइतकेच त्याच्या पक्षालाही निवडणुकीपूर्वीच प्रश्न विचारले पाहिजेत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आमच्या मनाला अधिक लागणारी आहे. ज्या १९२६ च्या कायद्याने हे व्याख्यान सुरू केले, तो कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन करण्याचे विधेयक लोकसभेने २२ सप्टेंबर २०२० रोजी संमत केले. विरोधी पक्षांनी त्या दिवसांत संसदेच्या कामकाजावर बहिष्कार टाकला होता. संहिता बरी की वाईट, बहिष्कार योग्य की अयोग्य, यावर या व्यासपीठावर दोन मते असतील. आम्हांस फक्त दोन चित्रे शेजारी ठेवावयाची आहेत. १९२१ साली मत नसलेल्या लाखो कामगारांच्या वतीने एक नेमलेला माणूस उभा राहिला आणि बोलला. २०२० साली ज्यांना ९० कोटींहून अधिक मतदारांच्या यादीतून निवडून पाठविले होते, त्यांच्यापैकी पुष्कळ बाके त्या कायद्याच्या वेळी बोललीच नाहीत. मत मिळाले म्हणजे आवाज मिळाला असे नव्हे. आवाज मिळवावा लागतो, आणि मिळाल्यावर तो वापरावा लागतो.

आणि यादीबाहेर राहणारी माणसे आजही आहेत. मत राहत्या ठिकाणाशी बांधलेले असते. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यालाही तो लागू आहे. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड जोडपे दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातील कारखान्याच्या फडात गेले, आणि मतदान त्या मोसमात आले, तर एका दिवसाच्या सुट्टीत ते गावी जाऊन येणार कसे? बांधकामावरच्या मजुराचेही तेच. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने दूर राहूनही आपल्या मतदारसंघात मत देता येईल अशा यंत्राचा प्रस्ताव मांडला; पक्षांत एकमत न झाल्याने २०२४ ची निवडणूक त्यावाचूनच झाली. त्या निवडणुकीत यादीत सुमारे ९७ कोटी नावे होती आणि ६४ कोटींनी मत दिले. उरलेल्यांत आळशी किती आणि फडावर अडकलेले किती, हे कोणत्याही तक्त्यात वेगळे लिहिलेले नसते.

श्रोतेहो, तुम्ही या शहराचे रहिवासी आहात, तुमची नावे बहुधा यादीत आहेत. तुमच्या घराच्या मागे जी नवी इमारत उठते आहे तिच्या बांबूंवर चढलेल्या माणसाला एकदा विचारा, ‘भाऊ, तुझे नाव कोठल्या यादीत आहे?’ तो गावाचे नाव सांगेल आणि हसेल. सुकुमार सेन यांच्या माणसांनी १९५० साली दारोदार जाऊन हाच प्रश्न विचारला होता. तो प्रश्न अजून संपलेला नाही. आमच्या युनियनची मंडळी दर सुट्टीच्या दिवशी नावनोंदणीचे अर्ज घेऊन वस्त्यांतून फिरतात. तुमच्यापैकी ज्यांना अर्ज स्वच्छ अक्षरात भरता येतो त्यांनी यावे. काम लहान आहे, पण लोकसभेची पहिली पायरी दिल्लीत नसून तेथे आहे.